बाक ठेवण्याआधी

आधी खडूने खूण कर, मग नट सैल कर.
डेपोत पहिल्या दिवशी हे सांगितलं म्हाताऱ्या लुद्विकने.
त्याची दोन बोटं कमी होती,
नट मात्र एकही नाही.

वूच शहराच्या ट्रॅमखाली
सव्वीस वर्षं उताणी पडून मी हेच करत आले.
आज समोर ब्रेक नाही.
भाचीने टाकून दिलेला कॉम्प्युटर आहे,
आणि त्यात ते राज्य
जिथे मी अकरा हिवाळे भटकते आहे.

झ्येमेक आमच्यातला सगळ्यात धाकटा.
जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर
ग्रीसच्या बोटांनी त्याने लिहून दिलं:
गेम दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा.
आपोआप येणारे अपडेट बंद करा.
एक कोरी सेव्ह वेगळी ठेवा.
सगळ्याची कॉपी काढा, सगळ्याची.
आणि दोन रेघा ओढून खाली,
एका वेळी एकच मॉड, हालशकाबाई.
हावरटपणा नको.

हावरटपणा कसला?
नवे ड्रॅगन नकोत मला,
वाऱ्यावर उडणारे केस नकोत,
बायकांना कमी कपडे घालणारं
ते जे काही असतं ते तर नकोच.
मला फक्त एक बाक ठेवायचा आहे.

पुलावर जकात घेणारी एक बाई आहे.
नाव नाही. डोक्यावर नुसतं तरंगतं: जकातवाली.
तीन वाक्यं येतात तिला.
दोन नाणी.
पलीकडे लांडगे आहेत.
सांभाळून जा गं.
पावसात तेच, बर्फात तेच,
वेशीला आग लागली होती तेव्हाही तेच.
मी तिथे राजे उठवले, राजे बसवले.
तिला कुणी बस म्हटलं नाही.

कॉपीच्या फोल्डरला नाव विचारलं.
'खडू' असं टाइप केलं.
एकसष्ट जीबी. बाकी वेळ पन्नास मिनिटं,
मग तीन तास, मग अकरा मिनिटं.
आमचा फोरमन असाच बोलतो.
चहात लिंबू पिळलं. रेडिएटर खोकला.
खालून शेवटची दहा नंबर गेली,
टक, टक, टक.
मागच्या चाकाला चपटा डाग पडलाय,
सोमवारी सांगायला हवं.

तोवर म्हटलं, बघून येऊ एकदा,
हात लावण्याआधी आहे तसं.
पुलावर गेले. दोन नाणी दिली.
आणि आयुष्यात पहिल्यांदा पलीकडे गेलेच नाही.
कठड्याशी उभी राहिले.
तिथली संध्याकाळ झाली, दिवे लागले,
एक गाडीवाला शिव्या देत गेला.
त्या जगातले दोन वाजले असतील.

ती हलली.

भाला भिंतीला टेकवला.
पुलाच्या बगलेतून पायऱ्या उतरतात,
अकरा वर्षांत मला दिसल्या नव्हत्या.
खाली पाण्याशी एक दगड.
त्यावर बसली. वाकली.
एक जोडा काढला.
एकच. दुसरा नाही.
आणि पाऊल हातात घेऊन
पहाटेपर्यंत तशीच.

हे कुणीतरी केलं होतं.
कुठल्याशा ऑफिसात, सगळे घरी गेल्यावर,
यादीत नसलेलं काम,
कुणी बघणार नाही हे माहीत असूनही
त्या जोड्याच्या वाद्या सोडवत बसलं होतं कुणी.
आणि मी निघाले होते
तिच्यावर उपकार करायला.

टिंग झालं. कॉपी पूर्ण.
वेळापत्रकाच्या पाठीवर, झ्येमेकच्या यादीखाली
मी काल 'बाक' लिहून ठेवलं होतं.
ते खोडलं.
चहा थंड झालेला. तसाच प्यायले.
मग पुन्हा गेममध्ये जाऊन, पायऱ्या उतरून,
तो दगड नीट पाहून आले.
ओला होता. बाजूने शेवाळं.

पेन्सिल घेतली:
घोंगडी. चौघडी घातलेली.
तपकिरी.
भाला टेकवते तिथे
भिंतीवर खिळा, जमला तर.

नाही, एका वेळी एकच.
खिळा खोडला.